शाळेचा पैसा आणि आपली सही



बाजाराच्या दिवशी घरातून पाचशे रुपयांची नोट बाहेर पडते. संध्याकाळी घरधनीण पिशवी खाली ठेवते आणि न विचारता सांगते, तेल एवढ्याचे, डाळ एवढ्याची, पोराच्या वह्या एवढ्याच्या, उरले एवढे. हिशेब जुळला की घर शांत झोपते. नाही जुळला तर दिवा लावून पुन्हा बेरीज होते.

आता आम्ही तुम्हांस एक प्रश्न विचारतो. तुमच्या गावच्या शाळेत गेल्या वर्षी किती पैसा आला? तो कशाकशावर खर्च झाला? किती उरला?

बहुतेक जण म्हणतील, "ते आम्हांला काय ठाऊक? ते गुरुजींना ठाऊक. पैसा सरकारचा."

पैसा सरकारचा, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे खरे काय, ते या धड्यात पाहू.

हा पैसा मुळात कोणाचा?

जुनी गोष्ट आहे. साधारण १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेऊ लागले. त्याला लोकल फंड म्हणत. हा आणा रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी होता. कुणबी सारा भरी, वर हा आणाही भरी. पण त्याच्या पोराच्या वाट्याला शाळा क्वचितच येई. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

तेव्हापासून कारभार हळूहळू लोकांच्या हाती येत गेला. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत स्कूल बोर्डे कामाला लागली. जुनी माणसे अजूनही शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात, ते त्यामुळेच. पुढे महाराष्ट्र राज्य झाले. १९६१ साली जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या.

म्हणजे पाहा. नावे बदलली, पाट्या बदलल्या. पण पैशाचा झरा तोच राहिला. तुम्ही काडेपेटी घेता, साबण घेता, त्यातही कर असतो. जमीन महसुलावर जिल्हा परिषदेचा उपकर असतो. त्या करांतूनच शाळा चालते. म्हणून शाळेच्या तिजोरीत तुमचाही रुपया आहे. आपला रुपया कुठे गेला, हे विचारण्यात लाज कसली?

जिल्ह्याच्या ठिकाणी काय होते?

शेतकरी पेरणीआधी मनाशी अंदाज बांधतो. बियाणे किती, खत किती, मजुरी किती. जिल्हा परिषदही तसेच करते. त्या अंदाजाला अंदाजपत्रक म्हणतात. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि पुढच्या ३१ मार्चला संपते. वर्ष सुरू होण्याआधी शिक्षण विभाग आपल्या गरजा मांडतो. अर्थ समिती त्या पाहते. मग सर्वसाधारण सभा अंदाजपत्रक मंजूर करते. सभासदांची मुदत संपून नवी निवडणूक झालेली नसेल, तर हे काम प्रशासक पाहतो.

अंदाजपत्रकात प्रत्येक कामाचे वेगळे खाते असते. त्याला लेखाशीर्ष म्हणतात. आपल्या घरी आजी डब्यांतून पैसे ठेवी, एक डबा किराण्याचा, एक दवाखान्याचा, एक लग्नकार्याचा. तसेच हे डबे. किराण्याच्या डब्यातले पैसे दवाखान्याला लावायचे तर आजीला विचारावे लागे. इथेही एका शीर्षाचा पैसा दुसरीकडे मंजुरीशिवाय वापरता येत नाही.

शाळेचा सर्वांत मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. तो शासनाच्या अनुदानातून जिल्हा परिषदेमार्फत होतो. त्याचा पैसा गावात कोणाच्या हाती येत नाही. पोरांच्या दुपारच्या जेवणाचा तांदूळ वेगळ्या योजनेतून येतो. पाठ्यपुस्तके बालभारती छापते आणि ती आपल्या शाळेत पोरांना फुकट मिळतात.

मग गावात काय उरते? रोजचा बारीक खर्च. खडू, रजिस्टर, झाडू, फिनेल, विजेचे बिल, गळका नळ, फुटलेला पत्रा, शौचालयाची सफाई. हा खर्च दिसायला लहान. पण नळ नसला तर पोरे तहानेली राहतात. शौचालय घाण असले तर मोठ्या मुली शाळेत यायच्या बंद होतात. हे आम्ही नोकरीच्या काळात डोळ्यांनी पाहिले आहे.

या बारीक खर्चासाठी शाळेला दरवर्षी अनुदान ठरलेले असते. २०१८ पासून 'समग्र शिक्षा' योजनेतून ते एकत्र मिळते. म्हणून त्याला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. ते पटावर ठरते. पट म्हणजे शाळेत नाव घातलेली मुले. योजनेतील रकमा अशा आहेत:

पट ३० पर्यंत : १०,००० रुपये
पट ३१ ते १०० : २५,००० रुपये
पट १०१ ते २५० : ५०,००० रुपये
पट २५१ ते १,००० : ७५,००० रुपये
पट १,००० च्या वर : १,००,००० रुपये

यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावा, असे योजनेत सांगितले आहे. पैसा पुष्कळदा हप्त्याहप्त्याने येतो आणि उशिराही येतो. म्हणून किती मंजूर झाला हे एक, आणि किती हाती आला हे दुसरे. दोन्ही विचारावे.

हा पैसा कोण सांभाळतो?

मुलांच्या मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात. निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडतात. मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतात. शाळेला मिळालेला पैसा कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवणे, हे कायद्यानेच समितीला नेमून दिलेले काम आहे.

म्हणजे उद्या तुम्हीही त्या समितीत असाल. कदाचित आजच असाल. तुमच्यापुढे एक वही येईल आणि कोणी म्हणेल, "इथे सही करा." तेव्हा काय करावे? ते सांगण्याआधी आम्हांला आमची एक चूक सांगितली पाहिजे.

आमची चूक

२००६ सालचा मार्च महिना. आम्ही एका दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक होतो. त्या काळी ग्राम शिक्षण समिती असे. शाळेच्या दुरुस्तीचे पाच हजार रुपये मार्चच्या मध्यावर हाती आले. ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा होता. समितीचे सभासद कोणी ऊसतोडीला, कोणी रानात. बैठक भरेना. आम्ही ठरावाची वही सायकलला अडकवली आणि बांधाबांधाने हिंडलो. कोऱ्या पानावर सह्या घेतल्या. कोणी अंगठे दिले. कोणी विचारले नाही, "गुरुजी, यावर काय लिहिणार?" आम्हीही सांगितले नाही. मनात पाप नव्हते. घाई होती.

मग दहा डबे रंगाचे बिल केले. एका डब्याला चारशे रुपये. दुकानदाराने सहाच डबे दिले. म्हणाला, "बाकीचे आठ दिवसांत पाठवतो." आम्ही विश्वासावर पुऱ्या दहा डब्यांची पावती घेतली आणि वहीत दहा डबे लिहून टाकले. चार डबे कधी आलेच नाहीत. पुढे त्याने दुकानच बंद केले.

पुढच्या वर्षी हिशेब तपासणीस आले. त्यांनी वही पाहिली, भिंती पाहिल्या आणि विचारले, "दहा डबे रंग कुठे आहे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. चार डब्यांचे १,६०० रुपये आम्ही पगारातून भरले. ते भरल्याचे दुःख नाही. दुःख दुसरेच. पारावर लोक म्हणू लागले, "मास्तरांनी रंग खाल्ला." वीस वर्षे ज्या हातांनी त्यांच्या पोरांना अक्षरे गिरवायला शिकवली, त्या हातांकडे लोक संशयाने पाहू लागले. ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांतला एकही आमच्या बाजूने बोलू शकला नाही. बोलणार कसा? त्याने वाचलेच कुठे होते?

त्या रात्री एक गोष्ट आम्हांला कळली. न वाचलेली सही कोणाचेच रक्षण करत नाही. गावाचे नाही, पोरांचे नाही आणि गुरुजींचेही नाही.

मावशींनी पंखा मोजला

पुढे आमची बदली दुसऱ्या गावी झाली. नव्या कायद्याची समिती बसली. तिच्यात एक मावशी होत्या. नातवाची पालक म्हणून आलेल्या. गावच्या साक्षरता वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या. एका बैठकीत खर्चाची वही फिरत फिरत त्यांच्याकडे आली. आधीच्या सर्वांनी भराभर सह्या केल्या होत्या.

मावशींनी वही मांडीवर घेतली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली. बाकीचे चुळबुळ करू लागले. एकजण म्हणाला, "मावशी, करा की सही. गुरुजींवर भरवसा नाही का?"

मावशी म्हणाल्या, "भरवसा हाय. पण सही माझी हाय."

मग त्या आमच्याकडे वळल्या. "गुरुजी, हितं तीन पंखे लिवलंय. वर तर दोनच फिरत्यात."

सारी बैठक गप्प झाली. आमच्या कानशिलांतून घाम आला. रंगाचे डबे आठवले. पण या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. आम्ही उठलो, कपाट उघडले आणि खोक्यात बंद असलेला तिसरा पंखा सर्वांपुढे ठेवला. तिसऱ्या खोलीत आढ्याला आकडा नव्हता, म्हणून तो बसवला नव्हता.

मावशींनी पंखा पाहिला आणि म्हणाल्या, "मग तसं लिवा. दोन बसवले, एक कपाटात. उद्या तुमची बदली झाली तर कुणाला कळंल?"

आम्ही तसे लिहिले. मग मावशींनी सही केली. वेलांटी थोडी वाकडी होती. पण आमच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत आम्ही पाहिलेली ती सर्वांत भारी सही.

लक्षात घ्या, मावशींनी आमच्यावर आरोप केला नाही. उलट आमची अब्रू राखली. हिशेब वाचणे म्हणजे संशय घेणे नव्हे. खऱ्या माणसाला वाचणारा सोबती लागतो. खोट्या माणसाला तेवढा तो नको असतो.

एका खर्चाचा प्रवास

खर्च कसा व्हावा, ते पायरीपायरीने पाहू. समजा, शाळेचा नळ गळतो आहे.

पहिली पायरी, ठराव. बैठकीत सांगायचे की नळ दुरुस्त करायचा आहे आणि अंदाजे इतका खर्च येईल. सभासदांनी बोलायचे, मग ठराव लिहायचा, वाचून दाखवायचा आणि त्यानंतर सह्या करायच्या. आधी सह्या आणि मागून ठराव, हे कधीही चालू देऊ नका.

दुसरी पायरी, भाव. खरेदी मोठी असेल तर तीन ठिकाणचे भाव लेखी मागवतात. त्यांना दरपत्रके म्हणतात. तिन्ही कागद एकाच हाताने लिहिलेले दिसले तर सावध व्हा.

तिसरी पायरी, माल ताब्यात घेणे. माल मोजून घ्यायचा आणि साठ्याच्या वहीत लिहायचा. जेवढा आला तेवढाच लिहायचा. आम्ही चुकलो ते इथे.

चौथी पायरी, पैसे देणे. पूर्वी अध्यक्ष आणि मुख्याध्यापक मिळून चेकवर सही करीत. आता पुष्कळ योजनांचे पैसे संगणकावरून थेट दुकानदाराच्या खात्यात जातात. वाट बदलली, तरी ठराव आणि बिल यांतून सुटका नाही.

पाचवी पायरी, कीर्द. कीर्द म्हणजे रोजची जमाखर्चाची वही. एका बाजूला आले किती, दुसऱ्या बाजूला गेले किती. प्रत्येक खर्चापुढे बिलाचा क्रमांक असावा.

सहावी पायरी, तपासणी. वर्षाअखेर पैसा ठरल्या कामाला लागला असा दाखला शाळा वर पाठवते. त्याला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. पुढे हिशेब तपासणीस येतात. पण ते उशिरा येतात. गाव मात्र रोज शाळेसमोरून जाते. म्हणून खरा तपासणीस गावच.

चला, एक हिशेब वाचू

हा हिशेब आम्ही उदाहरणासाठी केला आहे. शाळेचा पट ६०. अनुदान आले २५,००० रुपये.

विजेचे बिल : ४,८०० रुपये
खडू, रजिस्टर, कागद : २,३०० रुपये
शौचालय सफाई, साबण, फिनेल : २,९०० रुपये
छपराचे पत्रे आणि सुताराची मजुरी : ९,५०० रुपये
पाण्याची टाकी आणि नळ : ३,२०० रुपये

पेन्सिल घ्या आणि बेरीज करा. किती आली? २२,७०० रुपये. मग शिल्लक किती? २,३०० रुपये. ही शिल्लक बँकेच्या पुस्तकात दिसते का, ते पाहा. दहावा हिस्सा म्हणजे २,५०० रुपये. सफाईवर गेले २,९००. म्हणजे तोही नियम पाळला गेला.

पाहा बरे, यात अवघड काय होते? बेरीज आणि वजाबाकी. ती तर तुम्ही मागेच शिकलात.

कोणी हिशेब दाखवला नाही तर?

आधी बैठकीत शांतपणे विचारा. आपला प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते. तरी उत्तर मिळाले नाही तर केंद्रप्रमुखांना भेटा. त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी असतात, त्यांना अर्ज द्या. ग्रामसभेतही विचारता येते.

याहून पुढची वाट माहितीच्या अधिकाराची. तो कायदा २००५ सालचा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा आणि १० रुपये फी भरायची. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. एरवी ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. पण ही वाट शेवटची. गुरुजी आणि गाव यांनी एका सतरंजीवर बसून वही उघडावी, यासारखे दुसरे काही नाही.

आणखी एक. गावाने वर्गणी काढून शाळेला काही दिले, कोणी घड्याळ दिले, कोणी सिमेंटची पोती दिली, तर तेही वहीत लिहायला लावा. दान दिले म्हणून हिशेब सुटत नाही.

बंधुभगिनींनो, तुम्ही रात्री दिव्याखाली बसून अक्षरे शिकलात. कशासाठी? एसटीची पाटी वाचावी, पोराचे पत्र वाचावे, अंगठ्याची शाई पुसावी म्हणून. ते सारे चांगलेच. पण अंगठा गेला आणि न वाचता केलेली सही आली, तर बदल काय झाला? ती सहीसुद्धा एक अंगठाच.

आम्ही आता निवृत्त आहोत. शाळेची वही आमच्या हाती नाही. ती तुमच्या हाती आहे. हळू वाचा. अडखळत वाचा. लोक थांबतील, थांबू द्या. पण वाचा, आणि मगच सही करा.

नवे शब्द

अंदाजपत्रक : पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा आधी केलेला अंदाज
लेखाशीर्ष : एका कामाच्या पैशाचे वेगळे खाते
ठराव : सभेने मिळून ठरवलेली आणि लिहिलेली गोष्ट
दरपत्रक : दुकानदाराने लिहून दिलेला भाव
कीर्द : रोजच्या जमाखर्चाची वही
पट : शाळेत नाव घातलेली मुले

सांगा पाहू

१. गुरुजींच्या मनात पाप नव्हते, तरी ते अडचणीत का आले?
२. "भरवसा हाय. पण सही माझी हाय," असे मावशी का म्हणाल्या?
३. पट १२० असेल तर शाळेला किती अनुदान ठरलेले आहे? त्याचा दहावा हिस्सा किती?

करून पाहा

या आठवड्यात चौघेजण मिळून शाळेत जा. गुरुजींना नमस्कार करा आणि या वर्षीची खर्चाची वही पाहायला मागा. निदान एक पान मोठ्याने वाचा आणि बेरीज ताडून पाहा.